ग्लॉस्टरच्या बंदरातला सान पिएत्रो : सिसिलियन कोळ्यांच्या बोटींचा आशीर्वाद

किनारेकर (धागाकर्ती)

नमस्कार. अमेरिकेत बॉस्टनच्या उत्तरेस ग्लॉस्टर नावाचे जुने मासेमारी बंदर आहे. २९ जून हा संत पीटरचा सण, आणि त्याच्या सर्वांत जवळच्या शनिवार-रविवारला धरून तेथे सिसिलीहून आलेल्या कोळी कुटुंबांचा पाच दिवसांचा उत्सव भरतो. रविवारी दुपारी मासेमारीच्या बोटींना आशीर्वाद दिला जातो. आम्ही या भागात बारा वर्षे राहत आहोत आणि पहिली काही वर्षे मी हा उत्सव एखादी जत्रा पाहावी तसाच पाहिला. पाळणे, खाण्याच्या गाड्या, समुद्रातल्या मचाणावरून पुढे काढलेला चरबी फासलेला खांब आणि त्यावरून धडाधड पाण्यात पडणारी तरुण मुले, एवढेच माझ्या लक्षात राहत असे. बोटींच्या आशीर्वादाची वेळ होईपर्यंत ऊन असह्य झालेले असे आणि आम्ही परतीच्या वाटेला लागलेले असू.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शेजारणीने मला उत्सवाच्या आधीच्या नऊ संध्याकाळींपैकी एका संध्याकाळी आपल्यासोबत नेले. उत्सवापूर्वी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची नेमाची प्रार्थना, असते आणि ती बायका चालवतात. साध्या दिवाणखान्यासारखी जागा होती, ओळीने मांडलेल्या खुर्च्या होत्या, समोर फुले आणि मेणबत्त्या होत्या. बहुतेक बायका सत्तरीच्या पुढच्या होत्या. प्रार्थना इटालियनमध्ये सुरू होई आणि मध्येच सिसिलियन वळणावर जाई. मग अचानक एखादी बाई उभी राहून मोठ्याने विचारी, "मे कि सामियू, दुते मुते?" याचा अर्थ साधारण असा, की आपण सगळ्या मुक्या आहोत की काय? त्यावर सगळा दिवाणखाना एका आवाजात उत्तर देई, "व्हिवा सान पिएत्रो!", म्हणजे संत पीटरचा जयजयकार असो. मी त्या वेळी गप्प राहिले, कारण ती हाक माझी नाही असे मला वाटले.

माझ्या शेजारणीच्या हातात जपमाळेबरोबर प्रार्थनेची एक लहान पुस्तिका होती. ती इतकी वापरलेली होती की मधल्या पानांची घडी फाटून तिथे पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेले होते. प्रत्येक प्रार्थना संपली की ती त्या पुस्तिकेत नसलेली चार नावे ओठांतल्या ओठांत म्हणत होती. घरी परतताना मी विचारले तेव्हा तिने सांगितले की पहिली दोन नावे तिच्या वडिलांची आणि काकांची, चौथे त्यांच्या वस्तीतल्या एका मुलाचे, जो विशीतच बोटीवरून वाहून गेला. तिसरे नाव तिच्या नवऱ्याचे. तो समुद्रात गेला नाही, आयुष्यभर मासेमारी करून इस्पितळात गेला, पण त्याचे नाव इतरांपासून वेगळे का काढायचे, असे ती म्हणाली.

त्या संध्याकाळनंतर मी रविवारचा आशीर्वाद वेगळ्या नजरेने पाहू लागले. धर्मगुरू धक्क्यावर उभे राहून पवित्र पाणी शिंपडतात ही या परंपरेची शेवटची पायरी आहे. मागणे त्याआधी नऊ दिवस मागून झालेले असते, आणि ते मागणाऱ्या बायका स्वतः कधी बोटीवर चढलेल्या नसतात. मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः हेच आहे, कारण वर्तमानपत्रांत आणि पर्यटकांच्या छायाचित्रांत या नऊ संध्याकाळी कुठेच दिसत नाहीत.

आता थोडा इतिहास. ग्लॉस्टरची वसाहत १६२३ सालची, म्हणजे इटालियन लोक येण्यापूर्वी तेथे जवळपास तीनशे वर्षे मासेमारी चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेर्रासिनी, त्रापेतो अशा सिसिलीच्या किनाऱ्यावरील गावांतून कुटुंबे येऊ लागली आणि बंदरालगतच्या 'द फोर्ट' नावाच्या वस्तीत दाटीने राहू लागली. साल्वातोरे फावाझ्झा नावाच्या एका बोटीच्या कप्तानाने चार्ल्सटाउनच्या एका शिल्पकाराकडून संत पीटरची माणसाएवढी मूर्ती करून घेतली, आणि १९२७ मध्ये तिच्याभोवती हा उत्सव उभा राहिला. वर्षभर ही मूर्ती सेंट पीटर्स क्लबमध्ये असते. उत्सवात ती चौकात उभारलेल्या भव्य, रंगवलेल्या वेदीवर विराजमान होते. रविवारी सकाळी याच वेदीपुढे उघड्यावर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते आणि ती संपल्यावर मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतून रंगीत कागदाचे कपटे उधळले जातात. गेल्या वर्षी मूर्ती माझ्यापासून दोन हातांवरून गेली, तेव्हा संताच्या दाढीच्या कोरीव लाटांत आणि खांदेकऱ्यांच्या घामेजलेल्या मानांवर तेच कपटे चिकटलेले होते. खांदा बदलण्यासाठी मिरवणूक थांबली, तर वाट पाहणारे चार-पाच जण पुढे सरसावले, पण आधीच्यांतला एक जण जागा सोडायला तयार होईना. शेवटी त्याच्या मुलाने त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतले.

दुपारी आशीर्वाद होतो. बोटी पताकांनी सजवलेल्या असतात, भोंगे वाजतात आणि समुद्रात परत न आलेल्यांसाठी पुष्पचक्र पाण्यात सोडले जाते. ज्या किनारी रस्त्यावरून लोक हे पाहतात, त्याच रस्त्यावर सुकाणू धरून उभ्या असलेल्या कोळ्याचा, लेनर्ड क्रॅस्क यांनी घडवलेला, १९२५ सालचा पुतळा आहे. त्याच्याभोवतीच्या फलकांवर या बंदरातून जाऊन परत न आलेल्या ५,००० हून अधिक माणसांची नावे कोरलेली आहेत.

इटालियन स्थलांतरितांच्या इतर वसाहतींतही अशा प्रथा आहेत असे ऐकले आहे. कुणी पाहिल्या असतील तर कृपया लिहावे.

अभ्यासू

अतिशय आवडले. दोन शंका आहेत. आशीर्वादाच्या वेळी धर्मगुरू नेमके काय म्हणतात? आणि संत पीटरच का? समुद्राशी जोडलेले इतरही संत असतील ना?

वसईकर

अभ्यासू, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण आम्ही स्वतः वसईच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती. कॅथलिक चर्चच्या जुन्या लॅटिन विधिग्रंथात जहाजाच्या आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थना आहे आणि ती फार लहान आहे. तिचा आशय असा, की हे प्रभू, आमची विनवणी ऐक, तुझ्या पवित्र उजव्या हाताने या तारवाला आणि त्यातून जाणाऱ्या सर्वांना आशीर्वाद दे, जसा तू महापुरात चालणाऱ्या नोहाच्या तारवाला दिलास. आणि समुद्रावरून चालणाऱ्या पेत्राला, म्हणजेच संत पीटरला, जसा हात दिलास तसा यांनाही दे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या प्रार्थनेतच आहे. पेत्र हा गालीलच्या सरोवरातला कोळी, भाऊ आंद्रियाबरोबर जाळी टाकणारा. शुभवर्तमानात तो येशूकडे पाण्यावरून चालत निघतो, वाऱ्याला भितो, बुडू लागतो आणि ओरडतो, तेव्हा येशू त्याचा हात धरतो. किनाऱ्यावरच्या माणसांना तो जवळचा वाटतो याचे कारण, माझ्या मते, तो घाबरला हे आहे. घाबरलेला कोळी आम्हाला घरचाच वाटतो.

आमच्याकडे वसईत आणि उत्तनलाही मासेमारीचा नवा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास धर्मगुरू बंदरावर येऊन बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि खलाशांसाठी प्रार्थना करतात. माझे आजोबा तांडेल होते. धर्मगुरू पुढच्या बोटीकडे वळेपर्यंत ते टोपी काढून, दोन्ही हात नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, टेकवून उभे राहत, आणि पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडाले तरी पुसत नसत. बाकी आमची परंपरा पोर्तुगीजांच्या काळातली आणि ग्लॉस्टरची सिसिलीतून आलेली, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. विधी मात्र एकच आहे.

मांडवीकाठ

वसईकरांच्या प्रतिसादात थोडी भर. गोव्यात २९ जूनलाच, म्हणजे अगदी याच संताच्या याच दिवशी, कोळीवाड्यांत सांगोड होतो. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच करतात, त्याला चर्चच्या दर्शनी भागासारखा देखावा लावतात, आणि नदीतून गाणी म्हणत तो फिरवतात. कांदोळी आणि रायबंदर येथील सांगोड मी पाहिले आहेत. फरक ऋतूचा आहे. आमच्याकडे त्या दिवशी भर पावसाळा असतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मोठ्या बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. ग्लॉस्टरला तोच दिवस उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. त्यामुळे एकाच सणाला आम्ही विसावलेल्या बोटींसाठी प्रार्थना करतो आणि ते निघालेल्या बोटींसाठी.

पर्थवासी

किनारेकर, तुमच्या आवाहनाला उत्तर म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलविषयी लिहितो. पर्थ शहराचे हे बंदर आमच्या घरापासून आगगाडीने अर्ध्या तासावर आहे आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही तेथील आशीर्वादाला जातो.

येथील इटालियन कोळी मुख्यतः दोन गावांचे. एक आड्रियाटिक समुद्रावरचे, पुलिया प्रांतातले मोल्फेत्ता आणि दुसरे सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचे कापो द'ओर्लांदो. दोन्ही गावांनी आपापली माता, म्हणजे येशूची आई मरिया हिचे आपले रूप, सोबत आणली. मोल्फेत्ताची 'मादोन्ना देइ मार्तिरी', म्हणजे हुतात्म्यांची माता, आणि दुसरी कापो द'ओर्लांदोची माता. फ्रीमँटलला बोटींच्या आशीर्वादाचा उत्सव १९४८ मध्ये सुरू झाला. सेंट पॅट्रिक्स बॅसिलिकामध्ये मिस्सा होते, तेथून मूर्तींची मिरवणूक शहरातून मासेमारी बंदरापर्यंत जाते, तेथे बोटींना आशीर्वाद दिला जातो आणि पुन्हा चर्चकडे परत येतात.

'हुतात्मे' कोण, याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोल्फेत्ता हे धर्मयुद्धांच्या (क्रुसेड्सच्या) काळात जेरुसलेमच्या पवित्र भूमीकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांचे थांबण्याचे ठिकाण होते आणि तेथे त्यांच्यासाठी रुग्णालय होते. तेथे जे मेले आणि पुरले गेले, त्यांना लोक हुतात्मे म्हणू लागले. मातेचे मूळ चित्र ११८८ मध्ये धर्मयोद्ध्यांनीच समुद्रमार्गे आणले अशी परंपरा आहे. म्हणजे ही माता मुळातच घरापासून दूर, परक्या किनाऱ्यावर मेलेल्यांची आहे. फ्रीमँटलला येऊन स्थायिक झालेल्या माणसांनी तिलाच बरोबर आणावे यात मला नवल वाटत नाही. मोल्फेत्तात ८ सप्टेंबरला मूर्ती एकत्र बांधलेल्या मासेमारी बोटींवर ठेवून समुद्रातून बंदरात आणतात. मांडवीकाठ यांनी वर्णन केलेल्या सांगोडाची बांधलेल्या होड्यांची रीत वाचताना मला तेच आठवले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या होबोकनमध्येही मोल्फेत्ताच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि तेथेही हाच उत्सव १९२७ पासून होतो. ग्लॉस्टरचेच साल!

फ्रीमँटलचा उत्सव १९४८ चा आहे याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. इटली १० जून १९४० रोजी युद्धात उतरल्यावर ऑस्ट्रेलियातल्या अनेक इटालियन पुरुषांना स्थानबद्ध करण्यात आले, आणि त्यांत या बंदरातले कोळीही होते. पर्थच्या दक्षिणेला हार्वी येथे स्थानबद्धांची छावणी होती. छावणीतल्या माणसांनी तेथे हाताने बांधलेले एक लहान देवालय आजही पाहता येते. मी ते पाहिले आहे. जे एकेकाळी शत्रू म्हणून बंदरापासून दूर ठेवले गेले, तेच युद्ध संपून तीन वर्षे होतात न होतात तोच आपली मूर्ती खांद्यावर घेऊन शहराच्या भर रस्त्यातून त्याच बंदराकडे चालत गेले. मला दरवर्षी मिरवणूक पाहताना हे आठवते आणि गळा दाटून येतो.

खाडीकाठ

युद्धकाळाचा विषय निघाला म्हणून कॅलिफोर्नियाचा उल्लेख करतो. सॅन फ्रान्सिस्कोला पोर्तिचेल्लो या सिसिलियन गावच्या कोळी कुटुंबांचा 'मादोन्ना देल लुमे', म्हणजे प्रकाशाची माता, हा उत्सव ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतो. सेंट्स पीटर अँड पॉल चर्चपासून फिशरमन्स वॉर्फपर्यंत मिरवणूक जाते आणि तेथे बोटींना आशीर्वाद दिला जातो. १९४२ च्या सुरुवातीला याच वॉर्फवर नागरिकत्व न घेतलेल्या इटालियन माणसांना जाण्यास बंदी होती. त्या वेळी संपूर्ण अमेरिकेत असे सुमारे ६ लाख इटालियन 'शत्रुदेशीय परके' ठरवले गेले होते. प्रसिद्ध बेसबॉलपटू जो डिमॅजिओचे वडील जुझेप्पे हे इझोला देल्ले फेम्मिने या गावचे कोळी. मुलगा देशाचा लाडका खेळाडू असताना बापाला आपल्या बोटीपर्यंत जाता येत नव्हते. कित्येक कोळ्यांच्या बोटी नौदलाने ताब्यात घेतल्या होत्या. हे निर्बंध १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, कोलंबस दिनी, उठवल्याचे महान्यायवादी फ्रान्सिस बिडल यांनी जाहीर केले.

पण मला धाग्याच्या मूळ विषयावर एक अवघड प्रश्न विचारायचा आहे. मी मत्स्यव्यवसायाचा अभ्यास केला आहे आणि ग्लॉस्टरची मासेमारी किती घटली हे मला ठाऊक आहे. १९७६ च्या कायद्याने अमेरिकेने २०० सागरी मैलांचा पट्टा आपला केला, परदेशी जहाजे गेली, तेव्हा सर्वांना वाटले की आता सुबत्ता येणार. कर्जे काढून नव्या, मोठ्या बोटी बांधल्या गेल्या आणि परक्यांनी जे केले तेच देशी बोटींनी केले. १९८४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जॉर्जेस बँक या समृद्ध उथळ क्षेत्राची कॅनडाबरोबर वाटणी केली आणि ईशान्येचा मासळीने भरलेला भाग ग्लॉस्टरच्या हातून गेला. डिसेंबर १९९४ मध्ये उरलेल्या भागातले मोठे पट्टे तळाच्या मासळीसाठी बंद करावे लागले. २०१४ मध्ये मेन आखातातल्या कॉड माशाची स्थिती इतकी ढासळली की तातडीचे निर्बंध आले. तेव्हा माझा प्रश्न असा: ज्या ताफ्याला आशीर्वाद द्यायचा तोच जवळपास उरला नसेल, तर हा विधी पर्यटनासाठी जपलेला देखावा होत नाही का? मी हे दुखावण्यासाठी विचारत नाही, या माणसांबद्दल मला आदर आहे.

वसईकर

खाडीकाठ, तुमचा प्रश्न आमच्या गावालाही लागू पडतो. मासळी आमच्याकडेही घटली आहे आणि तरुण मुले नोकऱ्यांकडे वळली आहेत. पण जोपर्यंत एक बोट बाहेर जाते तोपर्यंत तिच्यावरच्या माणसांना बुडण्याची भीती तेवढीच असते. ताफा शंभराचा असला म्हणून एकेका खलाशाचा धोका वाढत नाही आणि दहाचा झाला म्हणून कमी होत नाही.

किनारेकर

पर्थवासी आणि खाडीकाठ, तुमच्या प्रतिसादांसाठी मनापासून आभार. होबोकनबद्दल मला काहीच माहिती नव्हती.

खाडीकाठ, तुमचा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. बोटी कमी झाल्या हे खरे आहे. आशीर्वादाच्या दिवशी आता बंदरात सहलीच्या नौकाही रांगेत असतात, हेही खरे. माझ्या शेजारणीच्या लहानपणीच्या छायाचित्रात धक्क्याला लागलेल्या बोटी इतक्या दाट आहेत की डोलकाठ्यांच्या मागे पलीकडचा किनारा दिसत नाही. तरीही देखावा हा शब्द मी स्वीकारणार नाही, आणि त्याचे कारण पुन्हा त्या बायकाच आहेत.

ग्लॉस्टरमध्ये १९६९ साली कोळ्यांच्या बायकांनी एक संघटना स्थापन केली. तुम्ही ज्या २०० मैलांच्या पट्ट्याचा उल्लेख केलात, त्याच्या मागणीत या बायका होत्या. जॉर्जेस बँकेवर तेलविहिरी खोदण्याला त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना आरोग्यविमा मिळावा म्हणून त्या झगडल्या. २००१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने त्या किनारी रस्त्यावर कोळ्याच्या पत्नीचे शिल्प उभे राहिले, ज्यात मुलांना घेऊन समुद्राकडे पाहत उभी असलेली स्त्री आहे. सुकाणूवाल्या कोळ्याचा पुतळा उभा राहिल्यानंतर तब्बल ७६ वर्षांनी! संध्याकाळी नोव्हेनात गुडघे टेकणे आणि सकाळी सरकारी सुनावणीत उभे राहणे ही त्या पिढीतल्या कित्येक बायकांसाठी एकाच कामाची दोन अंगे होती. पर्यटक ज्याला देखावा म्हणून पाहतात तो त्यांनी पर्यटकांसाठी मांडलेला नाही. नोव्हेनाच्या खोलीत तर पर्यटक फिरकतही नाहीत.

आणखी एक गोष्ट. मासे संपत आले म्हणून मेलेल्यांची नावे कमी होत नाहीत. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरच्या वादळात ग्लॉस्टरची 'अँड्रिया गेल' ही बोट ६ जणांसह नाहीशी झाली. ती नावेही त्या फलकांवर आहेत. पुष्पचक्र त्यांच्यासाठीही सोडले जाते. ताफा उद्या अगदी संपला तरी ही नावे म्हणणारे कुणीतरी हवेच.

अभ्यासू

एक मुद्दा राहून गेला. ग्लॉस्टरमध्ये इटालियनांच्या आधीपासून इतर कॅथलिक कोळी नव्हते का? आणि तो चरबीचा खांब धार्मिक विधीचा भाग आहे की निव्वळ खेळ?

किनारेकर

होते. अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज कोळी आधीच होते आणि त्यांचे 'अवर लेडी ऑफ गुड व्हॉयेज' हे चर्च टेकडीवर आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांमध्ये उभी असलेली माता एका हाताने आशीर्वाद देते आणि दुसऱ्या हातात तिने शिडाचे जहाज धरले आहे, जसे तान्हे मूल कडेवर घ्यावे तसे. सिसिलियनांचा संत चौकात आणि पोर्तुगीजांची माता टेकडीवर, अशी त्या बंदराची रचना आहे. पोर्तुगीजांच्या परंपरेवर कुणी जाणकाराने वेगळा धागा काढावा, एवढीच विनंती.

खांबाविषयी. सुमारे ४५ फूट लांबीचा खांब पॅव्हिलियन बीचपासून काही अंतरावर समुद्रात उभारलेल्या मचाणावरून आडवा पुढे काढलेला असतो, त्याला चरबी आणि इतर निसरडे पदार्थ भरपूर फासतात आणि टोकाला झेंडा असतो. पहिल्या फेरीत कुणी झेंडा काढायचा नाही असा संकेत आहे, म्हणजे प्रत्येकाला निदान एकदा चालायला मिळते. शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशा तिन्ही दिवशी ही स्पर्धा होते व रविवारचा मान पूर्वीच्या विजेत्यांना असतो. धर्मविधीचा भाग म्हणून तो नाही, पण खांबावर जाण्यापूर्वी ही मुले मचाणावरून तीच हाक देतात, जी मी नोव्हेनात ऐकली होती, आणि किनाऱ्यावरचे हजारो लोक तेच उत्तर देतात. त्याशिवाय वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत असते. एकेकाळी मॅकरेल माशांना घेरणारे जाळे ज्या होड्यांतून टाकत, त्याच घडणीच्या तीन होड्या असतात आणि त्यांची नावे कोलंबसाच्या तीन जहाजांवरून ठेवली आहेत.

नवी_वाचक

पुढच्या जूनमध्ये मी बॉस्टनला मुलीकडे असेन. आम्ही ख्रिस्ती नाही. नोव्हेनाला आमच्यासारख्यांनी गेलेले चालेल का, की ते आगंतुकपणाचे होईल? आणि एकच दिवस मिळाला तर कोणता निवडावा?

किनारेकर

अवश्य जा. मागच्या ओळीत बसा, भ्रमणध्वनी बंद ठेवा आणि छायाचित्रे काढू नका. प्रार्थनेचा कागद कुणीतरी हातात देईलच. शेवटी कॉफी आणि घरी केलेली बिस्किटे असतात, ती नाकारू नका. एकच दिवस मिळाला तर रविवारी सकाळी मिस्सेच्या आधी पोहोचा आणि आशीर्वाद संपेपर्यंत थांबा. सावली फार कमी आहे, टोपी आणि पाणी सोबत असू द्या. मध्यरात्रीपर्यंत थांबणे शक्य असेल तर मूर्ती पुन्हा क्लबमध्ये नेतात ती मिरवणूकही पाहा. त्या वेळी पाहुणे गेलेले असतात आणि चालणारे जवळपास सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे असतात.

मी ख्रिस्ती नाही हे त्या खोलीत मला कुणी विचारलेले नाही. या वर्षी माझ्या शेजारणीच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही आणि तिला येता आले नाही. तिने ती टाके घातलेली पुस्तिका माझ्याजवळ दिली आणि चार नावे एका कागदावर लिहून दिली. ती मी म्हटली. हाक आली तेव्हा या वेळी मी उत्तरही दिले. रविवारी संध्याकाळी पुस्तिका परत करायला गेले, तेव्हा मिरवणुकीला किती माणसे होती, कोण कोण भेटले, हे सगळे सांगायची मी तयारी केली होती. तिने आधी विचारले ते हे, की आशीर्वादाच्या वेळी वारा कुठला होता? नैर्ऋत्येचा, असे मी सांगितले. "मग बंदराच्या तोंडाशी लाट असणार," असे म्हणून तिने पुस्तिका उघडली आणि नावांचा कागद काढून पुन्हा मधल्या पानांत ठेवला.